आजोबांचं काडतूस

अंडी ठेवायच्या तीन कपांत तीन काडतुसं उभी होती आणि कर्नल ऑस्बर्ट टेंडरिंग पाऊण तास त्यांच्याकडे बघत बसले होते. समोर त्यांची बायको ड्युल्सी उकडलेलं अंडं हातात धरून एखादा कप रिकामा व्हायची वाट बघत होती. बारा मेची सकाळ. तासाभरात सगळं गाव चर्चमागच्या एल्मच्या झाडांखाली जमणार होतं.

या दिवसांत कावळ्यांची पिल्लं घरट्यातून निघून फांद्यांवर येऊन बसतात. उडता येत नसतं आणि मांस कोवळं असतं. शेतकरी पेरणी वाचवायला ती टिपतात आणि रात्री पबमध्ये त्यांचं मांस पिठाच्या पारीत भरून भाजलं जातं. पहिली गोळी मात्र टेंडरिंग घराण्याची, तीही आजोबांनी खास कावळ्यांसाठी घडवून घेतलेल्या त्या हलक्या, नाजूक बंदुकीतून. जमीन विकली गेली होती, छप्पर गळत होतं, घोडे तर कधीच गेले होते. उरला होता तो एवढाच मान. आणि गेली दोन वर्षं ती बंदूक ऐन वेळी नुसतं 'टक्' करून गप्प बसली होती. यंदाही तसंच झालं, तर पहिली गोळी मिस्टर गॉरिंज झाडतील, असं गावच्या समितीने मोठ्या अदबीने ठरवलं होतं. गॉरिंज प्लॅस्टिकच्या बादल्या बनवायचा. टेंडरिंगांची जमीन त्यानेच घेतली होती.

अडचण अशी, की त्या मापाचं काडतूस बनायचं बंद होऊन कैक वर्षं झाली होती. पहिल्या कपातलं काडतूस नॉरिचच्या म्हाताऱ्या बंदूकवाल्याने, पर्किसने, दुसऱ्याच मापाचं पितळ कापून तयार केलं होतं. कर्नलना ते थोरल्याचा कोट धाकट्याला बेतावा तसं वाटे. दुसरं खुद्द गॉरिंजने आपल्या शेडमध्ये बनवून पाठवलं होतं, सोबत शुभेच्छांची चिठ्ठी. दोन्ही चालत होती, हाच कर्नलच्या मते त्यांचा एकमेव गुण. तिसरं आजोबांच्या १९११ सालच्या पेटीतलं, हिरवं पडलेलं. गेल्या दोन वर्षांचीही त्याच पेटीतली होती, पण हे अगदी तळातलं. पर्किसने त्याचा वास घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की ही पेटी आजोबांबरोबरच पुरायला हवी होती.

"गॉरिंजचं घे ना, ऑस्बर्ट," ड्युल्सी म्हणाली. "गोळी कुणाची ते कावळ्याला कुठं कळतंय?"

"कावळ्याला नसेल कळत. बंदुकीला कळतं," कर्नल म्हणाले आणि त्यांनी तिसरं काडतूस खिशात टाकलं.

ड्युल्सीने रिकाम्या झालेल्या कपात अंडं ठेवलं.

झाडांखाली चाळीसएक माणसं होती. गॉरिंज नव्या कोऱ्या ट्वीडमध्ये, नवी कोरी बंदूक घेऊन एका बाजूला उभा होता. कर्नलनी नेम धरला. आपण मेल्यावर गावाला आपलं काय आठवेल, याचा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी घाईघाईने चाप ओढला.

बाटलीचं बूच निघावं एवढाच आवाज झाला. गॉरिंजने एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात वर कडाड झालं आणि एक भली मोठी फांदी दोन पिल्लांसकट धाडकन खाली आली. एल्मला दोन वर्षांपासून रोग लागला होता, अर्ध्या फांद्या वाळून कोळ झाल्या होत्या, पण अशा वेळी झाडाची प्रकृती कोण बघतो? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते. इथे तर कर्नलनी चाप ओढायलाही तीच गाठ पडली होती.

टाळ्या झाल्या. खऱ्या खानदानी बंदुकीच्या आवाजाचा शेजारी चहा पिणाऱ्यालाही त्रास होता कामा नये, असं पाद्रीबाबा म्हणाले. गॉरिंज सरळ मनाचा माणूस. त्याने टोपी काढली.

"हरलो, कर्नल," तो म्हणाला. "असं काडतूस मला सात जन्मांत बनवता यायचं नाही."

दुपारी पबमध्ये कर्नलनी तीनदा सांगितलं, की पिल्लावर नेम धरणं त्यांना हलकं वाटलं, म्हणून त्यांनी फांदीचा सांधा धरला. चौथ्यांदा सांगताना त्यांना तो सांधा चांगला आठवूही लागला. काडतुसांतल्या आधुनिक दारूला संस्कार नसतात, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पेटीतली उरलेली काडतुसं गावाने मागून मागून नेली. गॉरिंजने आपल्या वाट्याचं काचेच्या कपाटात ठेवायचं ठरवलं.

चार वाजता कर्नल घरी आले आणि त्याच टेबलाशी शीळ घालत बंदूक साफ करायला बसले. साफ करायचा गज नळीत अर्ध्यापर्यंत गेला आणि अडला. त्यांनी जोर लावला. पुन्हा लावला. शीळ थांबली. मग त्यांनी नळी खिडकीकडे धरून एक डोळा मिटला आणि बराच वेळ आत बघितलं. पलीकडचा उजेड दिसत नव्हता.

ड्युल्सीने बंदूक त्यांच्या हातातून घेतली, स्वतःही बघितलं आणि परत दिली. आजोबांची गोळी नळीबाहेर पडलीच नव्हती.

कर्नलनी गज हळूच बाहेर काढला, दस्ता पुसला आणि बंदूक भिंतीवर तिच्या जागी टांगून ठेवली.

"मग पुढच्या वर्षी कुठलं काडतूस?" ड्युल्सीने विचारलं.

"काडतूस निवडायची कटकट आता संपली," कर्नल म्हणाले. "फक्त फांदी निवडायची."