नऊ अब्जांच्या वरची मूळ संख्या

“पुन्हा तोच प्रश्न.” सरांनी खडू टेबलावर आपटला. “मी तुला संख्या सांगितली की नाही?”

“सांगितली, सर.”

“एक तरी अंक चुकला?”

“नाही. सगळे बरोबर.” मंजुषानं मान खाली घातली.

सिडकोतल्या शाळेत सरांनी हयात घालवली होती. भल्याभल्या ढ पोरांना त्यांनी बीजगणितात पास करून दाखवलं होतं. पण या मुलीनं मात्र त्यांचा अंत पाहिला.

ते उठून घरातल्या फळ्यापाशी गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. नऊ अब्जांच्या वरची ही संख्या. एक आणि ती स्वतः, याखेरीज हिला कशानंच भाग जात नाही. पडताळायला हिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या पुरतात, आणि त्या सगळ्या लाखाच्या आतल्या. हे किचकट काम सरांनी एका उन्हाळ्यात कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः तडीस नेलं होतं.

“चारनं भागली की बाकी एक उरते. म्हणून ही दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येते, तीही एकाच प्रकारे. आहे की नाही देखणी?”

“आहे, सर. पण ही संख्या कशासाठी आहे?”

सरांचं डोकं फिरलं. कशासाठी, म्हणे. उपयोग विचारणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. गेल्या आठवड्यात खुलताबादला भेटलेला दुकानदार असाच. सर त्याला सांगत होते की अशा संख्या कधी संपतच नाहीत, तर तो म्हणतो, “काका, ते ऱ्हाऊ द्या, तुमी ऱ्हाता कुठं?” असल्यांपुढे काय डोकं फोडणार?

स्वयंपाकाच्या सारजाबाई चहा घेऊन आल्या. “सर, लई चिडू नका. सकाळधरनं बसलीय ती तुमच्यापुढं.”

“तिच्या डोक्यातच शिरत नाही, त्याला मी काय करू?”

“आज जमायलाच हवं, सर.” मंजुषा म्हणाली. “नाहीतर मला पुण्याची नोकरी सोडावी लागेल.”

“असलेच प्रश्न विचारत बसलीस तर ठेवतील तरी कशाला?” सर बोलून गेले. मग तिचे भरलेले डोळे दिसले आणि त्यांना फार वाईट वाटलं. इतकं टाकून बोलायला नको होतं. विद्यार्थिनी हट्टी होती, पण मन लावून बसली होती.

“बरं बाळ, मी हरलो. तूच सांग, कशासाठी?”

मंजुषानं त्यांच्या हातातला खडू काढून बाजूला ठेवला आणि तो हात घट्ट धरला.

“रस्ता चुकलात, की समोर दिसेल त्याला ही संख्या सांगायची, बाबा. फोन मी उचलीन.”