वरचं बटण

चाकावरून आत घातलेला हात मनगटाशी अडकला, तेव्हा रूपाला आधी वाटलं भास होतोय. मग मडगार्डची कड हाडाला लागली. गाडी खाली बसत होती.

तिनं ओरडून इंजिन बंद करायला सांगितलं. शिवराजनं ते केलं. गाडी थांबली, पण उठली नाही.

शिवराज वैजापूरहून आईला घेऊन बीड बायपासवरच्या रूपाच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात आला होता. गाडी सेकंडहँड, पण मोठी. चाकांवर स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे, त्यामुळे ती आपली आपण वर-खाली व्हायची. महिन्याभरापासून मात्र डावीकडे कलत होती. गाडीची उंची मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग ढिला असेल, म्हणून रूपानं पुढच्या डाव्या चाकावरून हात घातला. आधी गाडीला टेकू द्यायचा असतो. पंधरा वर्षं हेच काम करणाऱ्या रूपानं तो दिला नाही, दोन मिनिटांचं तर काम. आणि तेवढ्यात शिवराजनं, कुणी न सांगता, मदत म्हणून गाडी वर करायचं बटण दाबलं.

आता तो जॅक घेऊन धावला. गाडी इतकी बसली होती की जॅक खाली शिरेना. त्यानं मडगार्ड दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. अडीच टनांची गाडी, ती काय ऐकते. शेजारचा टायरवाला जेवायला गेलेला. इंजिन बंद होतं तरी कुठूनतरी बारीक फुस्स आवाज येत होता. हवा जातच होती.

इतका वेळ बोटं ठणकत होती. ती ठणकायची थांबली, तेव्हा रूपा खरी घाबरली. याच बोटांनी ती आतून तुटलेली वायर नुसती चाचपून ओळखायची. याच हातावर तिचं घर चालायचं.

तिनं डोळे मिटले आणि विचारलं, बटण दाबल्यावर नेमकं काय झालं? शिवराज म्हणाला, उजवी बाजू वर गेली, डावी खाली आली.

मग तिच्या डोक्यात उजेड पडला. आधी कुणीतरी काम करताना दोन बाजूंच्या सेन्सरचे प्लग उलटे लावले होते. डाव्या चाकाची खबर उजव्याला जात होती आणि उजव्याची डाव्याला. डावी बसली की गाडी उजवीच फुगवायची. उजवी उंच दिसली की डावीची हवा सोडायची. म्हणजे डावी उचलायची तर उजवी दाबायला हवी. शिवराजनं पलीकडच्या मडगार्डवर सगळा भार टाकून बसायचं, आणि वरचं बटण पुन्हा दाबायचं.

"तेच बटण?" शिवराजचा चेहरा उतरला. "त्यानंच तर हे झालं ना, ताई."

"तेच."

"आन् चुकलं तर?"

मीटर लावून पाहिलेलं नव्हतं. हा सगळा अंदाज होता.

"चुकलं तर हात जाईल. पण असं बसून राहिलं तरी जाणारच हाय, दादा."

शिवराज म्हणजे सिमेंटच्या दोन पोत्यांचं वजन. तो मडगार्डवर बसला तर बटण कोण दाबणार? खुर्चीत बसलेल्या त्याच्या आई, आवडाबाई, पिशवी छातीशी धरून उठल्या. या गाडीत त्यांनी कधी काच खाली केली नव्हती. माझ्या हातून काय इपरीत झालं तर, असं पुटपुटत त्या पुढच्या सीटवर बसल्या. शिवराजनं त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं, मी सांगितलं की दाब आणि सोडू नको म्हणाला. मग इंजिन सुरू केलं.

मडगार्ड आणखी केसभर खाली आलं. रूपानं ओठ दाताखाली दाबला. शिवराज पलीकडे धावला, मडगार्डवर चढला आणि ओरडला. आवडाबाईंनी डोळे गच्च मिटून बटण दाबलं.

काहीच झालं नाही. चुकलं, रूपाला वाटलं, सगळं चुकलं. मग बॉनेटखाली पंप घरघरला आणि हाडावरचा भार थोडा कमी झाला. मग आणखी थोडा.

तिनं हात ओढून घेतला आणि मातीतच मागे बसली. पांढरीफटक पडलेली बोटं तिनं एकेक करून हलवून बघितली. पाचही हलली. पलीकडे मडगार्डला मिठी मारून बसलेल्या शिवराजला यातलं काही दिसत नव्हतं.

"पोरी," आतून आवडाबाईंचा आवाज आला. डोळे अजून मिटलेलेच. "काढू का गं बोट?"

रूपाला काढा म्हणायचं होतं. आवाज फुटेना.

"पोरी?"

उत्तर आलं नाही. आवडाबाईंनी दुसरा हातही बटणावर नेला आणि आणखी जोरानं दाबून धरलं.