अजून आठ दिवस तेल

भागिरथीबाईंचा बिडाचा तवा लेकानं पुण्याला नेला आणि हौसेनं सोनेरी ऑइलपेंट फासून हॉलच्या भिंतीवर टांगला. यंदा नातीला, प्रज्ञाला, त्याच तव्यावर धिरडी करायची लहर आली. तिनं मिरजगावला फोन लावला, "आजी, हा रंग कसा काढू गं?"

दिवाळीनंतरचा नातीचा तो पहिलाच फोन. आजी रोज एकेक गोष्ट सांगत गेली. आधी हातमोजे घालून तवा कास्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायचा, दुसऱ्या दिवशी रंग खरवडायचा, तिसऱ्या दिवशी धुऊन लगेच गॅसवर कोरडा करायचा. मग रोज तेलाचा हात फिरवून धूर निघेपर्यंत तापवायचा. फोन संध्याकाळी सहाला यायचा आणि भागिरथीबाई साडेपाचलाच मोबाईल मांडीवर घेऊन ओट्यावर बसायच्या.

सतराव्या दिवशी प्रज्ञा म्हणाली, "आजी, काळा कुळकुळीत झालाय. टाकू का आता धिरडं?"

"न्हाई बाळा, इतक्यात न्हाई. अजून आठ दिवस तेल पाज. आन् उद्या सांग मला, कसा दिसतुया त्यो."

समोरच्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या शबनमला हसू आलं. "मावशी, माझा गंजका तवा तर तुमी चार दिसांत तयार करून दिला हुता की!"

भागिरथीबाईंनी मोबाईल पदरानं पुसला.


"तुझं काय गं, तू तर रोज दिसतीस."