छाटलेली कर्दळ

शाळेतून आलेली मुलगी फाटकातच थबकली. अंगणातल्या कर्दळीच्या आळ्यात एक पान उरलं नव्हतं. जमिनीसरशी कापलेले बुंधे आणि शेजारी वाळक्या पानांचा हा एवढा ढीग. ढिगामागे तिच्या बापाची नवी बायको उभी होती, हातात कोयता, घामाघूम आणि खुशीत.

खुशी फार टिकली नाही. पोरीचा चेहरा पाहताच तिला कळलं, आपण भलतंच काहीतरी करून बसलो.

"आईनं लावली होती ती," मुलगी म्हणाली.

बाप दारातच होता. पहिली बायको गेल्यापासून त्यानं त्या आळ्याला ना स्वतः हात लावला, ना कुणाला लावू दिला. दुसरीला हे सांगायचं मात्र साफ विसरला. आता मूग गिळून उभा होता. पुरुषांना हे बरं जमतं.

नव्या बायकोला रडू फुटायचंच बाकी होतं. ती या घरात आली तेव्हापासून पोरीनं तिला एकदाही कशानंच हाक मारली नव्हती. भूक लागली तरी भिंतीकडे बघून सांगायची. आळं साफ केलं, पुन्हा फुलं आली, तर निदान फुलांबद्दल तरी चार शब्द बोलेल, एवढीच तिची आशा होती.

"मेली नाही गं ती," ती घाईघाईनं म्हणाली. "बहर संपला की दांडे कापायचे असतात. नाहीतर नवे कोंब गुदमरतात. इकडे ये, दाखवते."

मुलगी जागची हलली नाही. मग तीच खाली बसली आणि बोटांनी माती उकरू लागली. आल्यासारखा गड्डा उघडा पडला. त्याच्या अंगावर लालसर, टोकदार कोंब होते.

"पण तुला विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

मुलगी जवळ आली. बराच वेळ वाकून बघत राहिली. मग दप्तर बाजूला ठेवून तिनं उकरलेली माती दोन्ही हातांनी परत लोटली आणि वरून थोपटली. दारात बाप उगाच खाकरला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"पाणी मी घालीन," मुलगी म्हणाली. "तुम्ही फक्त त्या कोपऱ्यात घाला. तिथली पिवळी आहे."

"आणि बाकीची?"

"बाकी सगळी लाल. पिवळी रोपवाल्यानं चुकून दिली होती. आईला नको होती."

"मग काढून नाही टाकली?"

"टाकणार होती." मुलगी पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलत होती. "मग म्हणाली, आलीच आहे तर राहू दे."