पहिल्या रांगेतली खुर्ची

बोलणी सुरू व्हायला पाच मिनिटं असताना सचिवसाहेब म्हणाले, "बाई, हे तीन दिवस तुम्ही मागच्या रांगेत बसा. पुढे धाकटीला बसू दे. कारण नंतर सांगतो."

थोरल्या बाईंनी मान हलवली आणि मागची खुर्ची ओढली. त्या खात्यात दोघीच अधिकारी बायका, एकाच खोलीत समोरासमोर टेबलं. कुणीतरी वयावरून थोरली-धाकटी अशी नावं पाडली आणि ती चिकटली. हुद्देही तसेच होते. थोरल्या बाई संचालक, धाकटी उपसंचालक.

बोलणी शेजारच्या देशाशी होती. दोन वर्षांपूर्वी सीमेवर गडबड झाली, तेव्हा लष्करानं नदीवरचा पूल बंद केला आणि इस्पितळाला कुणी कळवलंच नाही. नऊ रुग्णवाहिका दिवसभर पुलाच्या तोंडाशी अडकून पडल्या. त्याचा अहवाल थोरल्या बाईंनी लिहिला होता. सुरक्षेचे निर्णय जिथे होतात तिथे इस्पितळं, पाणी, वाहतूक सांभाळणाऱ्यांचंही एक माणूस हवं, असं त्यात ठासून म्हटलं होतं. आता दोन्ही देशांना ते पटलं होतं. संयुक्त समितीवर एक नागरी समन्वयक नेमायचा होता. ते पद आपलंच, असं थोरल्या बाई दोन वर्षं धरून चालल्या होत्या.

आणि ऐन वेळी पुढे बसली धाकटी. आयत्या बिळावर नागोबा.

सुरक्षेचा मामला म्हणून टेबलावर कुणाच्या नावाची पाटी नव्हती, नुसते हुद्दे होते. 'उपसंचालक' या पाटीमागे बसून धाकटीनं पुलाचा मुद्दा असा मांडला, की समोरच्यांनी लिहायचं थांबवलं. मध्येच मागे वळून तिनं हळूच विचारलं, "ताई, नऊच ना?"

"नऊच," थोरल्या बाई हसून म्हणाल्या. ती वाईट बोलली असती तर त्यांनी तिला माफ केलं असतं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जरा कमी जळ. वास येतोय." त्या दिवशी त्या त्याच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पाहुण्यांच्या प्रमुख बाई धावत्या भेटीवर येऊन पोचल्या. पहिले दोन दिवस त्यांची खालची माणसंच होती. धाकटीचं मात्र त्या दिवशी लक्ष नव्हतं. तिची आई इस्पितळात होती आणि ती सारखी फोन घेऊन बाहेर पळत होती. चहाची सुट्टी झाली, सचिवसाहेब सगळ्यांना घेऊन पलीकडच्या दालनात गेले, आणि थोरल्या बाई एकट्या उरल्या.

त्या उठल्या आणि पुढच्या खुर्चीत जाऊन बसल्या. बसून बघावंसं वाटलं, एवढंच.

"दोन मिनिटं बोलू?" प्रमुख बाई कधी आत आल्या ते कळलंच नाही. पूर्वी त्या इथल्या वकिलातीत होत्या, त्यामुळे भाषा उत्तम बोलायच्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, थोरल्या बाईंकडे पाहिलं आणि शेजारी बसल्या.

"समन्वयकासाठी तुमच्याकडून एक नाव आलंय. आम्ही हो म्हणेपर्यंत ते उच्चारायचं नसतं, म्हणून मीही घेत नाही. पण त्या तुमच्याच खोलीत बसतात. रोजचं माणूस जेवढं ओळखतं तेवढं कागद ओळखत नाहीत. भरवसा ठेवावा का?"

म्हणजे नाव गेलंसुद्धा.

"हुशार आहेत," त्या म्हणाल्या. "कष्टाळूही आहेत."

"पण?"

"पण काही नाही. तोंडात तीळ भिजत नाही, एवढंच."

"म्हणजे?"

"गोष्ट पोटात राहत नाही. हेतू वाईट नसतो हो, सवय असते एकेकाला."

प्रमुख बाईंनी काहीच लिहून घेतलं नाही. "सहकाऱ्याबद्दल असं बोलणं अवघड असतं," त्या उठत म्हणाल्या. "आभारी आहे. पुढचं माझी माणसं बघतील, मला लगेच निघायचंय."

"देशाचा प्रश्न आहे," थोरल्या बाई म्हणाल्या, आणि बोलताना ते त्यांना खरंही वाटलं.

धाकटी परतली तोवर त्या मागे आपल्या जागी होत्या.

"कुणी काही विचारलं का, ताई?"

"छे गं. आई कशी आहे?"

आठ दिवसांनी सचिवसाहेबांनी थोरल्या बाईंना बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"नकार आला," ते म्हणाले.

"अरेरे." थोरल्या बाईंनी आवाज शक्य तितका मऊ केला. "धाकटीच्या मनाला फार लागेल."

"तिच्या का? नाव तुमचं होतं, बाई. नाव ज्याचं जातं त्यानं संमती येईपर्यंत पुढे बसायचं नाही, ही त्यांची अट. म्हणून तर तुम्हाला मागे बसवलं. आणि तुमचं नाव घाला म्हणून धाकटी महिनाभर माझ्या मागे लागली होती. त्याच मुलीनं असा केसानं गळा कापावा? उपसंचालकांशी स्वतः बोलूनच ठरवलं, असं त्यांच्या प्रमुख बाईंनी स्पष्ट कळवलंय. मी तिला सकाळीच निलंबित केलं. बाहेर बसलीय. एकच धरून बसलीय, मी फोनवर होते, त्या वेळी खुर्चीत नव्हतेच." साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही तर तिच्या मागेच होतात. तुम्हीच सांगा, कोण बसलं होतं तिथे?"