ऊद-लोबानाचं सेंट

कळमनुरीच्या त्या गल्लीत आठवड्यापूर्वीच राहायला आलेली शेजारीण हातात कोरं टोपडं घेऊन सोजराबाईंच्या दारात उभी राहिली.

"मावशी, दोन दिवस झाले, तुमच्या घरातून ओव्या-लोबानाचा वास येऊन राहिला. लेक बाळंत झाली व्हय? पोरगं का पोरगी?"

सोजराबाई उंबऱ्यातून हलल्या नाहीत.

"न्हाई माय. ऐश्वर्यानं पुण्याहून सेंट आणलंय. आता असलीच निघाली म्हणं, ऊद, लोबान, गरम मसाल्याच्या वासाची. हापिसात लावून जातात."

शेजारीण हसली. "घ्या. आमी सव्वा महिना खोलीत कोंडून तो वास घेतला, अन् ह्या पोरी शिशीतून लावून राहिल्या. दाखवा की, हातावर घेते जरासं."

"शिशी तिच्यापाशी हाय. झोपलीय ती."

टोपडं पदराखाली धरून शेजारीण परत गेली. सोजराबाईंनी दार लावलं, खिडकीच्या फटीत फडकं कोंबलं आणि आतल्या खोलीत जाऊन बाजेखालच्या निखाऱ्यांवर ओवा, शेपा आणि लोबानाची चिमूट टाकली. बाजेवर ऐश्वर्या जागीच होती. तिच्या झंपरावर दुधाचे दोन ओले डाग होते.

"आई, लेकरू तर दवाखान्यातच गेलं. मग ही धुरी कशाला?"

सोजराबाई खाली वाकून निखारे फुंकत राहिल्या.

"तुझ्या अंगाला अजून ठाऊक न्हाई, माय."