नवा रेग्युलेटर

नवनाथनं रेग्युलेटरवर साबणाचं पाणी सोडलं आणि बघत बसला. एकही फुगा आला नाही. मग त्यानं नळी चाचपली, शेगडीची बटणं फिरवून पाहिली. बारा वर्षं तो गॅसची कामं करत होता. इथं काहीच बिघडलेलं नव्हतं.

"दादा, हा तर..."

"खराब झालाय," कपिल घाईनं म्हणाला. "तुम्ही नवीन बसवा."

नवनाथनं वर पाहिलं. कपिलनं डोळ्यांनीच दाराकडे खूण केली. दारात त्याची आई, येसूबाई, उभी होती.

परवा दुपारी घरात येसूबाई आणि सहा वर्षांची नात आरोही, दोघीच होत्या. गॅसचा वास आला तो शेजारच्या मैनाला. ती धावत आली तेव्हा पोरगी ओट्याजवळ चटईवर झोपलेली, शेगडीचं बटण पूर्ण उघडं, आणि येसूबाई अंगणात तांदूळ निवडत बसलेली. मैनानं पोरीला उचलून बाहेर आणलं.

"मी बंद केला होता रं," येसूबाई संध्याकाळी मुलाला पुन्हा पुन्हा सांगत होती. आणि कपिल म्हणाला होता, "रेग्युलेटर गेला असंल, आई. जुना झालाय."

नवनाथनं जुना उतरवून नवा बसवला. "आतलं रबर झिजतं, आजी," तो म्हणाला. "कळत पन नाय."

फोन वाजला म्हणून कपिल बाहेर गेला, तशी येसूबाई जवळ आली.

"फुगा आला नाय," ती हळूच म्हणाली. "मी बघत होते."

नवनाथ पाने-पकडी पिशवीत भरत राहिला.

"हा मला काढता येईल ना? एकटीला?"

"येईल, आजी. बटण बंद करायचं आणि वर उचलायचा."

तिनं काढून पाहिला. परत बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपिलची बायको दीक्षा साजगावच्या कंपनीत कामाला जायला निघाली. स्वयंपाक झाला होता, डबे भरले होते. येसूबाईनं रेग्युलेटर काढला, पदरानं पुसला आणि सुनेच्या पिशवीत डब्याशेजारी ठेवला.

"आई, हे काय करताय?"

"घेऊन जा. संध्याकाळी येताना आण."

"अहो, कालच तर नवीन बसवलाय. आता काही व्हायचं नाही."

"व्हय," येसूबाई म्हणाली आणि तिनं पिशवीची चेन लावली. "आणि आरोही शाळेतनं आली का मैनाकडं बसंल. मी सांगून आलेय तिला."

"आई..."

"जा गं. गाडी चुकंल."

दीक्षा पिशवी खांद्याला अडकवून तशीच उंबऱ्यात उभी राहिली. तिला पुढं जाता येईना आणि मागंही फिरता येईना.

आरोही फणी घेऊन आली आणि रोजच्यासारखी आजीकडे पाठ करून बसली. येसूबाईनं तेल लावलं, भांग पाडला, दोन वेण्या घातल्या. शेवटी रिबिनीची गाठ मारली. ओढून बघितली. मग पुन्हा एकदा ओढून बघितली.